ओंकार, तुझं खोकं अजून दिवाणावरच आहे

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद. पोचलास हे ताईकडून कळलं. मला मेसेज केला नाहीस, असूदे. भडंगाचा डबा इथंच फ्रीजवर राहिला, आणि पप्पांनी मुद्दाम जाऊन आणलेला बेदाणाही तसाच. बघू, कोणी पुण्याला येणार असलं तर पाठवून देते.

हे मी माझ्या जुन्या मशीनवरच टाईप करतेय, रात्रीचे साडेअकरा झालेत, पप्पा झोपलेत. फोनवर मला एवढं लांब लिहायला जमत नाही, अंगठ्यानं टाईप करणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं. आणि तुझ्यासारखं इंग्रजी अक्षरात मराठी लिहायला माझा हात वळत नाही, ३० आणि ४० दोन्ही स्पीडच्या परीक्षा पास झालेली बाई आहे मी. तर बसतानाच ठरवलंय की तू माझ्यासाठी आणलेल्या नव्या लॅपटॉपच्या हप्त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. ते तुझं तू बघशील, मोठा झालास.

आधी माफी मागते. पाडव्यादिवशी माझ्या तोंडातनं "तुझ्या नोकरीचा काय भरवसा" असं गेलं ते जायला नको होतं. तू लॅपटॉपचं खोकं घेऊन आलास, वर तो लाल रिबिनीचा गोंडा लावलेला, "आई, डोळे मीट" म्हणालास आणि मी डोळे उघडल्या उघडल्या काय विचारलं तर "केवढ्याला? रोख की हप्त्यावर?" तुझं तोंड कसं झालं ते मला अजून दिसतंय. पप्पा तर चप्पल घालून आमराईकडं फिरायलाच निघून गेले, ते नेहमीचंच. दुसऱ्या दिवशी ताईनं ओवाळलं, तू ताटात पाकीट टाकलंस आणि बासुंदीची वाटी तशीच ठेवून उठलास. ती बासुंदी मग कोणीच खाल्ली नाही.

तुझं म्हणणं चुकीचं होतं असं नाही, ते मला तेव्हाच पटलेलं, फक्त कबूल केलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा सपोर्ट संपला हे मला माहीत होतं रे, पडद्यावर नोटीस उन्हाळ्यापासून येतच होती, मी आपली बंद करत होते. माझं मशीन चौथ्या जनरेशनचं आय थ्री, विंडोज इलेव्हनला निदान आठव्याचं लागतं आणि ती टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची चिप लागते, ती माझ्यात नाही, हे सगळं तू सांगायच्या आधी शेजारच्या पाटलांच्या पोरानं सांगितलेलं. मशीन काय उद्या बंद पडणार नाही, पण नवीन भोकं सापडली तर ती बुजवायला कोणी येणार नाही. आणि माझ्याकडं नुसत्या पत्रिका नाहीत, लोकांचे फॉर्म भरते, त्यांची आधार कार्डं, पासबुकं स्कॅन करून पडलेली असतात. आपल्या मशीनमधनं कुणाचं काही गेलं तर या पेठेत तोंड दाखवायला जागा नाही. हे तू म्हणालास ते खरं.

पण त्याच पोरानं परवा एक सेटिंग करून दिलं, मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून बॅकअप चालू केला की सिक्युरिटीचे अपडेट आणखी एक वर्ष फुकट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पैसे भरून घ्यायचं म्हटलं तर तीस डॉलर, नाहीतर हे असं. म्हणजे मला वर्षाची मुदत मिळाली. वर्षभरात मी पैसे साठवून रोखीनं घेतलं असतं, एवढंच माझं म्हणणं होतं. (तो विंडोजच्या जागी लिनक्स पण टाकून देतो म्हणत होता. पण त्यात माझं पत्रिका लावायचं पेजमेकर सरळ चालायचं नाही, मग मी काय त्यात नुसतं भजन ऐकत बसू?)

बघ, आलंच परत ते. रोख आणि हप्ता. नाही लिहीत.

तुला आठवतं का रे २००५? तू सात वर्षांचा. आपण तेव्हा मारुती चौकात खालच्या मजल्यावर होतो. त्याच्या आदल्या दसऱ्याला मी पहिलं स्वतःचं मशीन घेतलेलं, पेंटियम फोर, असेंबल केलेलं, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्डडिस्क, एक्सपी, आणि सोबत लेझर प्रिंटर. तेव्हा ते म्हणजे घरात हत्ती आणल्यासारखं वाटायचं. पतसंस्थेचं कर्ज काढलेलं, छत्तीस हप्ते, महिन्याला १,६५०. हळदीकुंकवाला बायका मशीन बघायला यायच्या आणि मी त्यांना त्यांची नावं मराठीत टाईप करून दाखवायची. जुलै संपता संपता पुराचं पाणी आलं. आपण तर म्हणतच होतो, चौकापर्यंत दरवर्षी येतं, आत येत नाही. रात्री तुला खांद्यावर घेऊन पप्पा वरच्या बिऱ्हाडात गेले, मी आण्णांना धरून नेलं, गॅस वर चढवला, धान्याचे डबे वर चढवले, आणि मशीन? मशीन टेबलावर होतं. टेबलापर्यंत येणार नाही असं मला वाटलं.

पाणी उतरल्यावर दार उघडलं तर मॉनिटर उताणा पडलेला आणि कॅबिनेटमधे गाळ, असा काळा चिकट, लोण्यासारखा. त्यातच एक छोटा मासा मेलेला निघाला होता. आण्णांची भजनाची वही मी निम्मी टाईप केलेली, ती हार्डडिस्कमधे गेली आणि कागदाची वही कपाटात भिजून लगदा झाली. दोन्हीकडनं गेली. आण्णा काही बोलले नाहीत, नुसता वहीचा पुठ्ठा उन्हात ठेवला.

आणि तू काय केलंस माहितेय? तू कीबोर्ड घेतलास, एकेक बटण उपसून काढलंस, बादलीत धुतलंस, आणि गच्चीवर पेपर पसरून सगळी वाळत घातलीस, आणि मोजत बसलास. एकशे चार पाहिजेत, एकशे तीनच आहेत म्हणून रडायला लागलास. टॅबचं गेलेलं. मग वाळल्यावर एकेक परत बसवलंस, कुठलं कुठं ते तुला पाठ होतं, माझ्या मागं उभा राहून बघून बघून पाठ झालेलं. कीबोर्ड चालला नाही, चालणार नव्हताच. पण त्या दिवशी मी पप्पांना म्हटलं, हे पोरगं यातच जाणार. आज कोणी विचारलं मुलगा काय करतो तर मी नुसतं "सॉफ्टवेअरमधे आहे" म्हणत नाही, ही कीबोर्डची गोष्ट सांगते. तुला आवडत नाही म्हणून तुझ्यासमोर सांगत नाही.

पण ओंकार, मशीन गेलं ते गेलं. हप्ते गेले नाहीत. नऊ भरलेले, सत्तावीस राहिलेले. गाळात गेलेल्या मशीनचे मी सत्तावीस महिने हप्ते भरले, दुसऱ्याच्या दुकानात बसून, त्याच्या मशीनवर रात्री दहापर्यंत टायपिंग करून. पतसंस्थेतला माणूस वाईट नव्हता, म्हणाला ताई, पूर आम्हाला पण कळतो, पण खात्याला कळत नाही. तू तेव्हा विचारायचास, आई रोज कुठं जाते. तेवढ्यासाठी मी विचारलं रे, रोख की हप्त्यावर. तुझी ऐपत काढायला नाही विचारलं.

आता आलंच आहे तर सगळंच सांगते. नरकचतुर्दशीला तू आंघोळीला गेलेलास, तुझा फोन चौरंगाजवळ होता, मी रांगोळीचा डबा ठेवायला गेले तर स्क्रीन पेटली. वाचायला नको होतं. वाचलं. ५ तारखेला ४,१६६ कटणार, २,७५० कटणार, ५,२०० कटणार. एक फोनचा असेल, एक तुझ्या लॅपटॉपचा, तिसरा कशाचा ते मला कळलं नाही. त्याच्यात आता माझ्या खोक्याचा चौथा. आणि त्याच्या आदल्या रात्रीच जेवताना तू सहज म्हणालेलास की टीममधले दोघं कमी केले. तू सहज म्हणालास, पण मला तो घास गिळला नाही.

सांगलीची माणसं पावसाळ्यात एकमेकांना काय विचारतात, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि चाळीस व्हायच्या आधीच शहाणा माणूस सामान वर चढवतो. २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं तेव्हा आपलं मशीन आधीच माळ्यावर होतं की नाही? आणि फॉन्टचं लॉक, मशीनला लावल्याशिवाय मराठी फॉन्ट चालत नाहीत ते, मी मंगळसूत्राच्या डबीत घालून बोटीतनं नेलं, पप्पा हसले होते, तो बोटीवाला पण हसला. तर मी तुझ्या हप्त्यांकडं तसं बघते. बास. लेक्चर झालं. सॉरी.

नो कॉस्ट नो कॉस्ट म्हणतोस, म्हणजे बिनव्याजी हप्ते, ते मला उगाच चेष्टेवारी न्यायचं नव्हतं पण नेलं. मी शंभर फुटी रस्त्यावरच्या एका दुकानात फोन करून विचारलं, हेच मॉडेल. तू बारा हप्ते साडेचार हजाराचे म्हणालास, म्हणजे चोपन्न. तो म्हणाला रोख द्या, साडेएक्कावन्नला देतो. मग कॉस्ट कुठं गेली? रोखीची सूट मिळाली नाही तेच व्याज. वर बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते आणि प्रोसेसिंग फी वेगळी. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मधेच बँकांना सांगितलेलं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. हे तुला माहीत नसेल असं नाही, तू इंजिनियर. पण माहीत असणं आणि दुकानात उभं असताना आठवणं वेगळं, मला साडीच्या दुकानात होतं तसंच.

आणि आता नुसतं मशीनच नाही, सॉफ्टवेअर पण तसंच झालंय. अडोबीचं २०१३ पासून सगळं महिन्याच्या भाड्यावर. भाडं थांबलं की प्रोग्राम थांबला. पेजमेकर ७ आलं २००१ ला, त्याच्यापुढं आलंच नाही, आणि मी आजही त्याच्यावर पत्रिका लावते, कोणी महिन्याला दार वाजवत नाही. (आमचं कुठलं ओरिजिनल, तेव्हा सगळ्यांकडं होतं तसलंच, हे कुठं सांगू नकोस.) फॉन्ट मात्र रीतसर विकत घेतलेले, लॉकसकट. ते फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे माझ्या वीस वर्षांच्या फाईली दुसरीकडं उघडल्या की नुसते कावळ्याचे पाय दिसतात. तू म्हणतोस कन्व्हर्ट करून देतो. करशील, पण जोडाक्षरं मोडतात रे, रफार उडतो. "श्री" चुकलेली पत्रिका घेऊन लोक गणपतीच्या देवळात ठेवणार, पहिली पत्रिका देवाला ना.

तसं कामही आता राहिलंय किती? पूर्वी लग्नाच्या पाचशे पत्रिका, आता देवाला आणि भावकीला म्हणून पन्नास, बाकी फोनवर पीडीएफ. ती पण पोरं मोबाईलवरच बनवतात, वधूच्या नावात ऱ्हस्व दीर्घ कसंही. फॉर्म भरण्यावरच चाललंय. म्हणूनच मला वाटलं, एवढ्याशा कामासाठी पोराच्या गळ्यात वर्षभराचा हप्ता कशाला. पण ताई परवा म्हणाली, आई, त्याला तुझ्या कामासाठी नव्हतं द्यायचं, तुला द्यायचं होतं. मग मी काही बोलले नाही.

डोळ्याचे नंबर काढलास का? रात्री दोन दोनपर्यंत बसू नकोस म्हणते पण कामच तसं, मला कळतं. मेसच्या डब्याचं काय झालं? ते तिसरं ५,२०० कशाचं आहे तेवढं सांग, ओरडणार नाही.

खोकं मी उघडलेलं नाही. धूळ बसू नये म्हणून जुनी ओढणी टाकलीय वर. आज फक्त चष्मा लावून बाजूचं वाचलं. वजन १.४ किलो, म्हणजे माझ्या खलबत्त्याच्या बत्त्याएवढं. चित्रात बघितलं तर बाजूला ती दोन लहान लंबगोल भोकंच दिसतात. माझं लॉक चौकोनी भोकात बसतं. ते दुसऱ्या बाजूला आहे का, की मधे काही जोडणी लावावी लागते? लावावी लागत असेल तर नाव लिहून पाठव. ती मी इथनं आणते, रोखीनं.

तुझी,
आई

ता.क. ५ तारखेला गुरुनानक जयंतीची सुट्टी आहे, बँक बंद. खात्यात शिल्लक आदल्या दिवशीच बघून ठेव.