‘म्या गा नाइंग’ जपणाऱ्यांनो, मनापासून आभार!

माउंग टिन माउंग यांचा १९३४ सालचा हा बर्मी मूकपट आज पाहता येतो, तो तुमच्यामुळे. तुमची नावं मला ठाऊक नाहीत. १९२० साली रंगूनमध्ये झळकलेला पहिला बर्मी चित्रपट कायमचा गेला. तिथल्या दमट हवेत फिल्म टिकवणं म्हणजे दिव्यच! ज्यांनी ही रिळं भंगारात जाऊ दिली नाहीत, त्यांचे आभार. इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत फाटक्या कडा सांधत, एकेका चौकटीवरचे ओरखडे पुसत बसलेल्या तंत्रज्ञांचे तर किती मानावेत? बाबुराव पेंटरांचे बहुतेक मूकपट गमावून बसलेल्या आम्हा मराठी माणसांना या कामाचं मोल चांगलंच कळतं. तुम्ही हाती घ्याल त्या पुढच्या रिळासाठी भरभरून शुभेच्छा.