प्रत्येक साडीला तिचाच ब्लाउज कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कमी कपड्यांत जास्त पोशाख बसवण्यावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण त्यातली बाई जीन्स, पांढरा शर्ट आणि बेज रंगाचं जॅकेट घालणारी आहे. आमच्याकडे बेज रंग मोहरीच्या पहिल्या फोडणीलाच गारद होतो. शिवाय माझ्या ओळखीच्या बायकांची कपाटं जॅकेटांनी भरलेली नाहीत. सांगलीच्या गावभागात माझं शिवणकामाचं दुकान आहे, तीसेक वर्षं झाली. त्या अनुभवावर, साडी नेसणाऱ्यांच्या बाजूनं हे पत्र.

न्यूयॉर्कच्या फॅशन डिझायनर डोना कॅरनबाईंनी १९८५ साली मोजून सात प्रकारच्या कपड्यांत नोकरदार बाईचा आठवडा बसवून दाखवला. त्या सातांचा पाया होता अंगाला नीट बसणारा बॉडीसूट, आणि बाकी सगळं त्यावर चढवायचं. आपल्याकडे ती जागा ब्लाउजची आहे. साडी कुणालाही होते, सासूची सुनेला, उंच बाईची ठेंगणीला. ब्लाउज मात्र एकाच अंगाचा. तरीही आपण उलट वागतो: साडी निवडायला दोन तास आणि ब्लाउज म्हणजे तिला जोडून आलेला तुकडा. तो तोडायचा, शिवायला टाकायचा, की तो त्या साडीचा झाला. साडी कपाटात बसली की तोही बसला.

साधा हिशोब करा. बारा साड्या आणि त्यांचे बारा मॅचिंग ब्लाउज म्हणजे बाराच पोशाख. त्याच बारा साड्यांना विचार करून शिवलेले पाच ब्लाउज असतील तर जोड्या साठ होतात. त्यातल्या निम्म्या डोळ्यांना खुपल्या म्हणून सोडून दिल्या तरी तीस उरतात, शिवाय सात शिलाया वाचतात. (हे छापून आलं की माझी गिऱ्हाइकं मलाच वाचून दाखवणार, याची कल्पना आहे.)

हे पाच कोणते? बायका साडीच्या अंगाचा रंग बघतात. मी काठ बघते. आमच्या भागात इरकल साडी घरोघरी. काठ गोमी असो की परासपेठी, जुन्या पद्धतीच्या इरकलीत तो बहुतेक लालसर, आणि टोपपदरात, म्हणजे तिच्या ठरावीक नक्षीच्या पदरात, लाल-पांढरं असतंच. म्हणजे कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा एक डाळिंबी खण नीट शिवून घेतला की अंग हिरवं असो, जांभळं असो की काळं, त्या घराण्याच्या बहुतेक साड्या भागतात. दुसरा मोतिया, पांढराशुभ्र नको, तो दोन धुण्यांत पिवळा दिसायला लागतो. तिसरा काळा. चौथा निळसर चिंतामणी रंगाचा, कारण तो केशरी, हळदी, राणी, पारवा, आमसुली या सगळ्यांवर उठून दिसतो. पाचवा छापील, कलमकारी किंवा अजरखचा, एकरंगी साड्यांसाठी. आणि माहेश्वरी असेल तर तिचा काठ दोन्ही बाजूंनी घालता येतो, साडी उलटवून नेसली की दुसरीच वाटते. हे ठाऊक नसलेल्या किती जणी ती एकाच बाजूनं नेसून कंटाळतात!

पण असे ब्लाउज कामाला यायचे तर शिवतानाच ते साधे हवेत. पाठीला खोल गळा, त्यावर लटकन, बाहीला त्याच साडीचा काठ, असा ब्लाउज दुसऱ्या कुठल्याच साडीवर चालत नाही. बाही कोपरापर्यंत, गळा मध्यम, पुढून हुक, एवढंच सांगा. टू बाय टू या सुती कापडाचा असेल तर अस्तर आधी पाण्यातून काढून मगच शिवायला द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड पोतं होतं. लाल खण मिठाच्या पाण्यात भिजवून बघा. घामानं तो रंग सोडायला लागला तर मोतिया साडी गेलीच म्हणून समजा. आणि बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे दीड इंच माया, म्हणजे आत जादा कापड, सोडायला सांगा. बारीक दिसतो म्हणून आतलं कापड कापून टाकायला लावणाऱ्या बायका वर्षभरात परत येतात, आणि तेव्हा उसवायला आत काही नसतं. माया असली की तोच ब्लाउज दहा वर्षं अंगाबरोबर वाढतो आणि आटतो.

माझं एक गिऱ्हाईक बँकेत नोकरीला आहे. तिच्या रोजच्या साड्या सात: दोन इरकली, एक नारायणपेठ, एक माहेश्वरी, दोन कलकत्ता कॉटन आणि एक पारवा रंगाची मंगळगिरी. ब्लाउज वर सांगितले ते पाच. तीच मंगळगिरी सोमवारी कलमकारी ब्लाउजवर, आणि पुढच्या आठवड्यात सहकाऱ्याच्या मुलाच्या मुंजीला खणाच्या ब्लाउजवर. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तिला विचारलं म्हणे, "महिन्याला किती साड्या घेतेस गं?"

लेखातल्या एका सल्ल्याशी मात्र मी अजिबात सहमत नाही: वर्षभर न घातलेलं काढून टाका. पैठणी तीन वर्षांत एकदा निघते, म्हणून ती अडगळ ठरत नाही. ती मलमलीत गुंडाळून ठेवायची आणि अधूनमधून घडी बदलायची, एकाच घडीवर राहिली की जरीचे धागे तिथेच तुटतात. अडगळ काय असते ते मी ऑगस्ट २०१९ मध्ये पाहिलं. कृष्णेचं पाणी ओसरल्यावर गावभागात घराघरांतून ओल्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर आले. शेजारणींची कपाटं उपसायला मी हात लावला होता. रेशमाचं वाईट वाटलंच. पण पिशव्याच्या पिशव्या भरून निघाले ते कधीच न शिवलेले ब्लाउजपीस, कुंकवाचं बोट लागलेले, घडीसुद्धा न मोडलेले. सगळे ओटीतले. ते शिवले जात नाहीत यात नवल नाही. तुकडा असतो पाऊण मीटरच्या आसपास, मध्यमवयीन बाईच्या मापाला त्यात कोपरापर्यंतची बाही निघतच नाही. मग तो पुढच्या हळदीकुंकवाला पुढच्या ओटीत जातो, आणि तिथून पुढे. ओटीला माझी ना नाही. पण द्यायचाच तर एक मीटर चांगला सुती खण द्या, नाहीतर नारळ आणि तांदूळ पुरेत, पीस नसला म्हणून ओटी रिकामी होत नाही.

साडीच्या दुकानदारांना एक विनंती. बिल करताना "फॉल-पिको करायचं ना?" असं आपण विचारता, तसंच "ब्लाउजपीस तोडायचा की ठेवायचा?" हेही विचारत चला. आजकाल तो न विचारताच कातरीखाली जातो. आतल्या टोकाला असलेला पीस साडीलाच राहिला तर दोन निऱ्या जास्त येतात, आणि अंगानं भरलेल्या बायकांना त्या हव्याच असतात.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक
गावभाग, सांगली