पाप कोणाचं, पोरीचं की आईबापाचं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

१९ जूनला सिकलसेल दिन असतो म्हणून आपल्या पेपरात आमच्या नंदुरबार जिल्ह्याची बातमी आली होती. तपासणी, गोळ्या सगळं बरोबर लिहिलं होतं, पण ज्या घरात हा आजार आहे तिथे रात्री काय चालतं ते बातमीत मावत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. आम्ही नवापूर तालुक्यातले, आदिवासी ख्रिस्ती. माझी मुलगी सिकलसेलची पेशंट आहे, एसएस, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलेला. यंदा दहावीला गेली.

माहीत नसेल त्यांना सांगते, यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांमध्ये अडकतात, पुढे रक्त जात नाही, आणि मग हातपाय, पाठ, छाती असे ठणकतात की बघणाऱ्यालाच कापरं भरतं. थंडी पडली, पाणी कमी प्यायली, ताप आला, की झालं सुरू.

२०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला परत बर्ड फ्लू आला (देशातला पहिला पण आमच्याकडेच सापडला होता, २००६ ला). लाखो कोंबड्या मारून पुरल्या. आमचे हे पोल्ट्रीत कामाला, काम गेलं, आणि त्याच महिन्यात पोरीला दोनदा ॲडमिट करावं लागलं, तेव्हा ती पाचवीला होती. घरी प्रार्थनेला आलेल्या एका ख्रिस्ती बांधवाने सगळ्यांसमोर सांगितलं की या घरात काहीतरी लपलेलं पाप आहे, कबूल करा. दुसरा म्हणाला गोळीवर भरवसा ठेवता मग देवावर कुठे राहिला, गोळी बंद करा. आणि साहेब, मी ऐकलं. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, जिने हे दुखणं कमी वेळा येतं, ती मी माझ्या हाताने बंद केली. थोड्याच आठवड्यांत पोरगी परत दवाखान्यात, सलाईन लावलेलं, आणि माझ्याकडे बघून विचारते, आई मी काय पाप केलं?

त्या वर्षी गुड फ्रायडे २ एप्रिलला होता, कोरोनामुळे चर्चमध्ये मोजकीच माणसं, मी तिच्या खाटेजवळ बसून मोबाईलवर उपासना ऐकत होते. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार दरवर्षी ऐकतो आपण, पाठ असतात. पण चौथा आला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, आणि मी मोबाईल छातीशी धरून रडले, कारण मी दोन महिने मनात तेच म्हणत होते आणि ते म्हणणं म्हणजे अविश्वास असं समजून स्वतःला दोष देत होते, आणि इथे तर खुद्द प्रभू तेच म्हणतोय. मग देवाला हे विचारायला मला बंदी कशी असेल?

घरी आल्यावर बायबल काढलं. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बघून शिष्य हेच विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू सरळ सांगतो, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. सिकलसेल आईबाप दोघांकडून येतो, दोघं वाहक असलो, म्हणजे अंगात दोष आहे पण स्वतःला आजार नाही, की प्रत्येक गरोदरपणात चारात एक चान्स, मी आणि हे दोघं वाहक, आम्हाला लग्नाच्या वेळी काय माहीत. ते वाक्य मी पोरीला तीन वेळा वाचून दाखवलं.

बायबलमधला ईयोब, काही दोष नसताना ज्याच्यावर संकटं कोसळली, त्याचे मित्र पण असेच. पहिले सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत, तेवढंच त्यांनी बरं केलं. नंतर तोंड उघडलं आणि तुझंच चुकलं असेल हेच लावून धरलं. शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच भडकला, ईयोबावर नाही.

माझ्याजवळ असं बसली ती शेजारची मावशी. ती ख्रिस्ती नाही, आम्हा आदिवासींची देवी देवमोगरा माता, तिला मानते. रात्रभर वीट गरम करून फडक्यात गुंडाळून पोरीचे पाय शेकायची, सकाळी नागलीची भाकरी आणि तूरडाळ आणून ठेवायची, बोलायची काहीच नाही. देवाने तिला पाठवलं असं मी म्हणते, ती हसते.

आता कोणी विचारलं की एवढं होऊन तुमची आशा कशावर, तर मी पुनरुत्थानावर म्हणते, म्हणजे मेल्यावर देव परत उठवेल त्यावर, पोरीचं रक्त एक दिवस नवं होईल हे मी मनापासून मानते. आजार गेलेला नाही, यंदा जानेवारीतही ती चार दिवस ॲडमिट होती. तिथेच ती मला म्हणाली, आई, येशू उठला तरी त्याच्या हाताला खिळ्यांच्या खुणा होत्याच ना, थोमा शिष्याला दाखवल्या त्याने. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिने स्वतः काढलं.

आमच्या भागातल्या पाळकांना हात जोडून विनंती आहे, कोणाच्या गोळ्या बंद करायला लावू नका, प्रार्थना करा आणि पेशंटला विचारा पाणी प्यायलीस का. लग्न जुळवताना दोन्हीकडची सिकलसेल तपासणी झाली का तेही विचारा. आमच्या पास्टर साहेबांनी मागच्या रविवारी उपासनेनंतर हे बोलून दाखवलं, आणि त्याच दिवशी दोन घरच्या आया मला चर्चच्या दारात थांबवून तपासणी कुठे होते ते विचारून गेल्या.

आपली,
एक आई, नवापूर तालुका, जि. नंदुरबार