पलुस्करबुवांच्या पुण्यतिथीआधी तंबोरे वाजते करायचे आहेत

सप्रेम नमस्कार, वि. वि.

येत्या २१ ऑगस्टला पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची पुण्यतिथी. मंडळाच्या खोलीत नेहमीप्रमाणे गायन होणारच, पण आज आपल्या सहा तंबोऱ्यांपैकी एकही सुरात लागत नाही. गेल्या वर्षी उसने आणून वेळ निभावली. बुवांच्या नावाने बसायचे आणि मागे उसने तंबोरे, हे मनाला लागते.

बुवा आपल्या कृष्णाकाठचे. १८७२ साली कुरुंदवाडला जन्म. लहानपणी फटाका तोंडावर उडून दृष्टी अधू झाली, उपचारासाठी मिरजेस आणले, आणि तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम मिळाली. १८९६ साली मिरज सोडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय ही गायनशाळा काढली, तीही संस्थानिकांच्या आश्रयावर नव्हे. लोकांच्या देणग्या आणि जलशांच्या तिकिटांवर. स्वतःची स्वरलिपी बसवली, पुस्तके छापली, भजनांना रागदारीत चाली लावल्या. ‘रघुपति राघव राजाराम’ घरोघर गेले ते त्यांच्यामुळे. त्यांचे शिष्य ना. मो. खरे दांडीयात्रेत गांधीजींबरोबर भजने गात चालले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सगळी त्यांच्याच हाताखालची माणसे. मुंबईतल्या गांधर्व महाविद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली, तरी गाणे शिकवणे थांबले नाही. १९३१ साली देह ठेवला तो मिरजेतच.

आपले पहिले दोन तंबोरे सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका हळदीच्या अडत्यांनी दिले. स्वतः गात नसत, पण दर गुरुवारी दाराशी बसून ऐकत. तिसरा एका निवृत्त शिक्षिकेने पहिल्या पेन्शनमधून घेतला आणि ‘नाव लावाल तर परत नेईन’ म्हणून बजावले. बाई आज नाहीत, शब्द पाळला आहे. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या मुलांनी रात्री कमरेएवढ्या पाण्यातून चार तंबोरे माळ्यावर चढवले. त्या मुलांचे उपकार मंडळ विसरणार नाही. खाली राहिले ते हेच अडत्यांचे दोन. गाळ काढताना एकाचा भोपळा गळ्यापासून सुटून हातात आला. माळ्यावरच्या चारांना ओल लागली होती, २०२१ च्या पुराने उरलेसुरले केले.

मागच्या वर्षी दोनशे पत्रे वाटली, उत्तरे नऊ आली. राग नाही, पण कार्यक्रमाला खुर्च्या कमी पडतात आणि वर्गणीच्या वेळी दारे बंद मिळतात, याचे वाईट वाटते. तंबोरे बनवणारे गाव म्हणून मिरजेचे नाव देशभर, आणि तीन कोसांवर आपली मुले मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर सा लावतात.

दोन नवे भोपळे, खुंट्या, जवारी (तार गुंजावी म्हणून घोडी घासून बसवणे), तारा, पॉलिश मिळून मिरजेच्या कारागिरांनी ७२,००० रुपये सांगितले आहेत. जमा ३१,०००. पावसात पॉलिश वाळत नाही, म्हणून मेअखेर तंबोरे त्यांच्या हाती गेलेच पाहिजेत. वर्गणी रोख किंवा मंडळाच्या नावे चेकने, रोज सायंकाळी ५ ते ७, मंडळाच्या खोलीत (रविवार सोडून). पावती जरूर मागून घ्यावी. शंभर रुपयेही चालतील. पैसे जमत नसतील तर तंबोरे मिरजेस न्यायला टेम्पो हवा आहे, तो द्यावा. हिशेब दाराशी फळ्यावर लागेल.

आपला नम्र,
चिटणीस