दुधात बुडवलेलं बिस्किट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत रिचर्ड प्रायर या अमेरिकन कॉमेडियनच्या 'जो जो डान्सर, युवर लाइफ इज कॉलिंग' या १९८६ सालच्या सिनेमावर अर्धं पान आलंय. लेखकाच्या दोन तक्रारी आहेत, एक म्हणजे कॉमेडियनचा सिनेमा असून हसू येत नाही, आणि दुसरी म्हणजे स्वतःचीच गोष्ट सांगायची होती तर नाव कशाला बदललं, रिचर्डचा जो जो कशाला केला, ही सरळ पळवाट आहे म्हणे. आणि वर मथळा काय, तर 'वाया गेलेला विनोदवीर'. तो मथळा वाचून डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलोय, एरवी मी संपादकांना पत्रं लिहिणाऱ्यातला नाही, आमच्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षं पाण्याची बोंब होती तेव्हासुद्धा लिहिलं नव्हतं.

आधी कबूल करतो की तुमचा लेख वाचूनच मी सिनेमा बघितला, त्याबद्दल थँक्यू. पुतण्याने लॅपटॉपवर लावून दिला, खाली सबटायटल्स चालू केली तरी निम्म्या शिव्या डोक्यावरून गेल्या, मधेच कुकरच्या शिट्ट्या, मधेच कुरियरवाला, अशा सगळ्यात बघितला. आणि नंतर रात्री बाराला परत एकट्याने बघितला.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जो जो हा मोठा स्टार कॉमेडियन, भयंकर भाजून हॉस्पिटलात पडलाय, जगतो की जातो ते माहीत नाही, आणि त्याच्यातूनच दुसरा एक जो जो उठतो आणि आपल्याच आयुष्यात मागे मागे फिरायला निघतो. हा आधी जातो लहानपणीच्या घरी. घर म्हणजे आजीचा कुंटणखाना. लिहितानाही कसंतरी होतं, पण प्रायर खरोखरच तिथे वाढलाय, इलिनॉयमधलं पिओरिया हे गाव, १ डिसेंबर १९४० चा जन्म, आई तिथेच धंदा करायची, चालवायची आजी, आणि पोराला वाढवलं तेही आजीनेच. आता हे घर पडद्यावर दाखवायचं, दिग्दर्शन स्वतः, मुख्य काम स्वतः, लिहिण्यात दोघांच्या जोडीला स्वतः, आणि त्या दारात आपल्याच लहानपणाला उभं करायचं, याला पळवाट म्हणायची तर मग समोरून जाणं कशाला म्हणतात ते एकदा सांगा.

नाव बदललं म्हणे! अहो तमाशातली बतावणी कधी ऐकलीये का तुमच्या लेखकाने. सोंगाड्या पुढे येऊन म्हणतो, आमच्या गावात एक येडं होतं बरं का. ते येडं कोण हे अख्ख्या फडाला माहीत असतं, पुढे बसलेल्या पोराटोरांना पण माहीत असतं, पण तो 'मी' म्हणत नाही म्हणूनच त्याला वाट्टेल ते बोलता येतं. 'मी' म्हटलं की माणूस स्वतःला सांभाळायला लागतो, दुसऱ्याचं नाव लावलं की जीभ सुटते. मला तर वाटतं नाव बदललं म्हणूनच बिस्किटाच्या भानगडीतून तो सुटला.

ही बिस्किटाची भानगड तुमच्या लेखात नाहीच, आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे. ९ जून १९८० ला लॉस एंजेलिसच्या घरात प्रायर कोकेनच्या नशेत पेटला आणि तसाच जळत रस्त्यावर पळत सुटला, निम्मं अंग भाजलं. तेव्हा सगळीकडे पसरलं की अपघात झाला, नशेचं काहीतरी बनवताना भडका उडाला. मग १९८२ च्या स्टेज शोच्या सिनेमात तो स्वतः सांगतो की काही नाही हो, झोपायच्या आधी दोन प्रकारचं दूध एकत्र केलं, त्यात बिस्किट बुडवलं आणि स्फोट झाला. लोक हसून हसून लोळतात. आणि शेवटी काडी पेटवून ती हवेत पळवत नेतो आणि विचारतो, हे काय आहे? तर रस्त्यावरून पळणारा रिचर्ड प्रायर. म्हणजे लोक त्याच्या पाठीमागे जो जोक मारत होते तो त्याने स्वतःच स्टेजवर आणला. आणि त्यानंतर चार वर्षांनी जो जोच्या नावाखाली खरं दाखवलं की बाटली त्याने स्वतःच अंगावर ओतली होती, रम, अपघात बिपघात काही नव्हता. पुढे स्वतःच्या आत्मचरित्रातही हे आपणच केलं असंच सांगितलं. दुधातल्या बिस्किटापासून रमच्या बाटलीपर्यंत यायला त्याला चार वर्षं लागली, आणि मधे हजारो लोकांना हसवावं लागलं, तेव्हा कुठे ते बाहेर आलं. आणि तुमचा लेखक म्हणतो हसू येत नाही.

आता मला हे एवढं का लागलं ते सांगतो, नाहीतर वाटेल की म्हातारा उगाच इंग्रजी सिनेमाची वकिली करतोय.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत एकतीस वर्षं होतो. आमचा नाटकाचा ग्रुप होता, कामगार कल्याणच्या स्पर्धांपासून ते कोणाच्या सोसायटीच्या गणपतीपर्यंत जिथे बोलावतील तिथे जायचो. त्यात आमचा एक मित्र, नाव लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही, आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. लग्नातला मामा हे त्याचं हुकमी सोंग, उपरणं खांद्यावरून घसरतंय, एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात चपला, आणि भटजींपासून नवरीच्या आत्यापर्यंत सगळ्यांवर ओरडतोय. एकदा गडकरी रंगायतनला आमचा प्रयोग होता, कंपनीच्या वार्षिक समारंभाचा. पहिली घंटा झाली, मेकअपच्या आरशासमोर भाऊ गळ्यात टॉवेल गुंडाळून बसलेला, समोर कॅन्टीनचा बटाटेवडा गार झालेला, आणि हातातला चहाचा कप बशीवर असा वाजत होता की मला वाटलं कोणीतरी मंजिरी वाजवतंय. मी म्हटलं भाऊ बरं नाही का, तर म्हणाला, अरे कप घाबरलाय, मी नाही. तिसऱ्या घंटेला उठला, विंगेत भिंतीला कपाळ टेकून दोन सेकंद उभा राहिला, आणि एन्ट्री घेतली तर पहिल्याच वाक्याला बाल्कनीतून टाळ्या. विंगेत आम्ही पण हसत होतो. त्याच्या बॅगेत काय असतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी आम्ही हसत होतो.

१९६७ साली प्रायर लास वेगासला एका भरगच्च शोमध्ये स्टेजवर गेला, समोर बडे लोक बसलेले, आणि मी इथे काय करतोय असं काहीतरी म्हणून सरळ चालता झाला. तोपर्यंत गोडगोड, कोणाला न दुखावणारी कॉमेडी करून पैसे मिळत होते त्याला. आमच्या भाऊला असं चालतं होता आलं नाही. मामाची फर्माईश संपायचीच नाही, बारशाला मामा, रिटायरमेंटच्या पार्टीला पण मामा.

पुढे एका पावसाळ्यात त्याने नको ते करायचा प्रयत्न केला, वाचला, आणि मग त्याला इथेच आपल्या मेंटल हॉस्पिटलला सहा आठवडे ठेवलं. ठाणेकरांना सांगायला नको, १९०१ पासूनचं हे हॉस्पिटल म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचा जोक झालाय. पुण्याच्या लग्नात मी ठाण्याचा म्हणून सांगितलं की एक तरी काका डोळे मिचकावून विचारणारच, कधी सोडलं? मी पण हसून सोडून देतो, चाळीस वर्षं तेच चाललंय. भाऊच्या वेळी मात्र आम्ही सगळ्यांना सांगितलं की तो कोकणात गेलाय, आंब्याच्या बागेचं काहीतरी काम निघालंय. पावसाळ्यात आंब्याच्या बागेचं काम! आमचं दुधातलं बिस्किट ते हेच.

परत आल्यावर तो बारीक झाला होता, पण डोळे शांत होते. तलावपाळीला कट्ट्यावर बसलो होतो, मासुंद्यात त्या पायडलच्या बोटी फिरत होत्या, आणि तो एकदम म्हणाला, माहितीये का, बाकीच्यांना ठाण्याला जायला एसटी लागते, मी रिक्षाने गेलो, ते पण मीटरवर. मी इतका हसलो की बाजूचा शेंगदाणेवाला वळून बघायला लागला. मग त्याने खिशातून एक जुनी डायरी काढली, एलआयसीच्या एजंटने दिलेली असते तसली, आणि म्हणाला तिथे असताना बारा मिनिटांचं लिहिलंय, बघ. एकपात्री. त्यात वॉर्डबॉय होता, रोज संध्याकाळी गेटपाशी उभा राहून शेवटची लोकल पकडायची म्हणणारा एक पेशंट होता, आणि मुख्य म्हणजे भाऊ स्वतः होता पण नाव वेगळं होतं. त्यातला माणूस म्हणायचा, मी इथे पाहुणा आहे, माझा एक मित्र आजारी आहे त्याला बघायला आलोय.

ग्रुपमध्ये वाचन झालं. कोणी बोलेना. मग एकेकाने सुरुवात केली की लोक हसायला येतात रे, घरचे काय म्हणतील, मुलीचं लग्न व्हायचंय तुझ्या, मॅनेजमेंटसमोर हे कसं करायचं. मी काय बोललो ते पण सांगतो, मी म्हटलं, भाऊ यंदा मामाच करूया, पुढच्या वर्षी बघू. त्याने डायरी खिशात ठेवली आणि म्हणाला, हो हो, मामाच बरा. पुढच्या वर्षी तो नव्हता. लिव्हर.

आपल्याकडे हे असंच चालतं. भगवानदादा घ्या, १९५१ चा 'अलबेला', जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, सात गाड्या, आणि मग सगळं विकून दादरच्या चाळीत. २००२ साली गेले आणि त्यांच्यावर सिनेमा आला २०१६ ला. चांगला होता, मी पैसे देऊन बघितला, पण तो दुसऱ्यांनी काढलेला, गेलेल्या माणसाचा. दादा कोंडक्यांनी सांगितलं स्वतःचं, पण पुस्तकात, आणि आयुष्यभर लोकांना पोट धरधरून हसवलेल्या या माणसाच्या आत्मकथनाचं नाव काय तर 'एकटा जीव'. हसवणाऱ्याने जिवंतपणी स्वतःच पडद्यावर येऊन सांगावं की हा मी, आणि हे मी स्वतःला केलं, असं मराठीत मला तरी आठवत नाही. एवढ्याचसाठी तो सिनेमा बघायला हवा, कसा जमलाय हा नंतरचा प्रश्न.

जमलाय का? सगळा नाही. लहानपणाचा भाग आणि सुरुवातीच्या क्लबांमधला भाग फर्स्ट क्लास, पण पुढे लग्नांवर तो फार पटापट उरकतो. खऱ्या आयुष्यात त्याची लग्नं सात आणि बायका पाच, म्हणजे दोघींशी दोनदोनदा, आणि घरात त्यांना फार सोसावं लागलं. तिथे मात्र त्याने स्वतःला सवलत दिलीये. तुमच्या लेखकाने हे पकडलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

पण 'वाया गेलेला'? सिनेमा आला त्याच वर्षी त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं कळलं, हातपाय हळूहळू जाणार हे माहीत असून नंतर तो व्हीलचेअरवरून स्टेजवर आला. अमेरिकेतला विनोदासाठीचा मार्क ट्वेन पुरस्कार १९९८ साली सुरू झाला तो पहिला त्यालाच दिला. १० डिसेंबर २००५ ला गेला, पासष्टाव्या वर्षी. यातलं वाया काय गेलं?

एक विनंती आहे. असा विषय छापाल तेव्हा खाली टेलिमानस या मानसिक त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चौकटीत देत चला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री पण चालू असतो. पिक्चरच्या वेळा छापायला जेवढी जागा जाते तेवढीही लागणार नाही.

आणि ती डायरी. सिनेमा बघितल्यावर दुसऱ्या दिवशी भाऊच्या घरी गेलो. वहिनींनी कपाटातून काढून दिली, पानं पिवळी झालीत, मधे एक रिक्षाचं मीटरकार्ड घडी घालून ठेवलंय. त्यांची मुलगी आली होती माहेरी, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिला अजूनही तो कोकणात गेला होता असंच वाटत होतं. मी वहिनींकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. मग मी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. शेवटच्या लोकलवाला आला तिथे ती हसली, अगदी भाऊसारखी, नाकातून.

आपला,
एक वाचक
नौपाडा, ठाणे