तासांच्या हिशेबात हरवलेला अभ्यास

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

निकालानंतर छापून येणाऱ्या गुणवंतांच्या मुलाखतींत ‘रोज किती तास अभ्यास केलास?’ हा प्रश्न ठरलेला असतो. उत्तर वाचले की घरोघरी मुलांना तेवढे तास बसवले जाते. पण मेहनत मोजायला तासांइतके फसवे माप नाही.

धडा चौथ्यांदा वाचताना ओळखीचा वाटतो आणि मुलाची समजूत होते की आता पाठ झाला. रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला. इतरांनी एकाच सत्रात वाचून, पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ६१ टक्के राहिले, वाचणाऱ्यांच्या ४० टक्के.

मग मुले तसे का करत नाहीत? कारण कोऱ्या कागदावर आपल्याला काय येत नाही ते लगेच उघडे पडते. ते सोसायची तयारी म्हणजेच वृत्ती. ‘तू हुशारच आहेस’ हे कौतुक ती खच्ची करते: म्युलर व ड्वेक या मानसशास्त्रज्ञांना १९९८ मध्ये आढळले की बुद्धीची स्तुती झालेली मुले अवघड काम टाळून सोपे निवडतात आणि अपयशानंतर लवकर हात टेकतात. अर्थात ‘मी करू शकतो’चे फलक भिंतीवर लावूनही काही साधत नाही. वृत्तीवर काम करणाऱ्या उपक्रमांचा गुणांवरचा परिणाम मोठ्या अभ्यासांत लहानच दिसला आहे.

खरे काम तपासलेला पेपर हातात आल्यावर सुरू होते. चुकांचे तीन ढीग करावेत. जे समजलेच नव्हते, ते शिक्षकांना विचारून पुन्हा शिकावे. समजले होते पण आठवले नाही, ते दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने आणि पुढे महिन्याने न बघता लिहावे. घाईत चुकले, उदाहरणार्थ चिन्ह, एकक किंवा प्रश्नच अर्धा वाचला, त्यांची यादी पुढच्या पेपराआधी डोळ्यांखालून घालावी. गणितात उत्तर पाहून ‘अरे, हे तर येत होतं’ म्हणणे सर्वांत घातक. तेच गणित चार दिवसांनी कोऱ्या पानावर, दुसऱ्या प्रकरणांतल्या गणितांत मिसळून सोडवावे. एकाच प्रकरणाची वीस गणिते ओळीने सोडवली की कोणती रीत वापरायची हे ठरवायची वेळच येत नाही, आणि परीक्षेत नेमके तेच ठरवावे लागते.

शाळांनी एवढे करावे: पेपर महिन्याने नव्हे, आठवड्याच्या आत परत द्यावेत, आणि दुरुस्तीसाठी त्याच तासाला पंधरा मिनिटे राखून ठेवावीत.

आपला,
एक वाचक