कथेत वेळ कुठे घालवायचा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

कथा लिहायला बसताय, तर शीर्षक आणि पात्रांची नावं यांत आठवडा घालवू नका. पहिली कथा बहुतेक वेळा वेळेच्या हिशेबात फसते. दहा वर्षांना दोन पानं जातात आणि ज्या दहा मिनिटांत सगळं उलटंपालटं झालं, ती एका वाक्यात उरकतात. जेरार जेनेत या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ मध्ये कथनाच्या वेगाचे चार प्रकार मांडले: काळ गाळून टाकणं, थोडक्यात सांगणं, प्रसंग घडताना दाखवणं आणि काळ थांबवून वर्णन करणं. प्रत्येक परिच्छेदापाशी स्वतःला विचारा, इथे यांपैकी काय चाललंय?

बाबा, तुमच्याकडून सारांश जास्त होणार. टिपणं लिहिलेल्या हाताला निष्कर्ष आधी मांडायची सवय असते. समजा तुम्ही लिहिलंत, ‘त्या रात्री भावाभावांचं भांडण झालं आणि ते कायमचे वेगळे झाले.’ सगळी कथा या एका वाक्यात कोंडलीय. ती अशी मोकळी करता येते:

धाकटा पेटीवर बसला होता.
“किल्ली,” थोरला म्हणाला.
“कसली?”
“ऊठ.”
धाकट्याने पायावरचा पाय काढला. उठला मात्र नाही.

यात ‘भांडण’ हा शब्द नाही, ‘राग’ही नाही. एकाला काहीतरी हवंय आणि दुसरा नेमका त्यावर बसलाय, एवढ्यावर प्रसंग उभा राहतो. कोणालाच काही नको असेल तर त्या नुसत्या गप्पा. आणखी एक बघा, दोघांपैकी कोणीही समोरच्याला सरळ उत्तर दिलेलं नाही. प्रत्येक प्रश्नाला चोख उत्तर मिळत गेलं की संवादाचा जबाब होतो.

सुरुवातीला दोन हजार शब्दांच्या आत राहा. पात्रं दोन, फार तर तीन. चारशे-पाचशे शब्दांचे तीन प्रसंग आणि त्यांना जोडणारे चार-चार ओळींचे सांधे. ‘पुढची अकरा वर्षं पेटी माळ्यावर होती’ या वाक्यात अकरा वर्षं आरामात मावतात.

आई, तुझी अडचण वेगळी. तोंडी गोष्ट सांगताना आवाज, हातवारे, मध्येच थांबणं हे निम्मं काम करतात. कागदावर ते गळून जातं आणि भरपाई म्हणून उद्गारचिन्हं येतात, ‘ती संतापाने कडाडली’ येतं. ‘म्हणाली’ पुरे. वाचकाची नजर त्यावरून न अडखळता पुढे जाते. थांबणं दाखवायचं असेल तर पात्राच्या हातात काम दे: सुईत दोरा ओवायचा राहतो, झाकण अर्धं उघडून तसंच राहतं. संवादात बोली जरूर ठेव, पण तिच्या दोन-तीन लकबी निवड आणि शेवटपर्यंत त्याच सांभाळ. प्रत्येक शब्द उच्चाराबरहुकूम लिहिला तर वाचक अक्षरं लावत बसतो.

मराठीत एक गोष्ट फार जपावी लागते, ती म्हणजे आदरार्थी रूप. ‘बाबा आले’ म्हटलं की नजर मुलाची झाली. ‘सदाशिवराव आले’ म्हटलं की सांगणारा चार पावलं लांब उभा. ‘सदाशिव आला’ म्हटलं की आपण त्याच्या खांद्याशी. तिन्ही चालतील, पण एका प्रसंगात एकच. तिसऱ्या पानावर ‘ते’चं ‘तो’ झालं तर वाचकाला चूक नेमकी दाखवता येणार नाही, पण त्याची पकड सुटेल. आणि नजर थोरल्याची असेल, तर धाकट्याच्या मनात काय चाललंय ते लिहायचं नाही. पायावरचा पाय काढलेला दिसला, तेवढंच.

मागची आठवण सांगताना ‘गेला होता, बोलला होता, रडला होता’ अशी ‘होता’ची माळ लागते. पहिल्या दोन क्रियापदांना ‘होता’ लावा आणि पुढे साध्या भूतकाळात या. काळ मागचा आहे हे वाचक धरून चालतो.

पहिला खर्डा न थांबता पुरा करा. पहिलंच पान घोटत बसलं की कथा पानभरच राहते. कागदाच्या एकाच बाजूला, एक ओळ सोडून लिहा आणि प्रत्येक प्रसंग नव्या कागदावर सुरू करा, म्हणजे क्रम बदलायला नुसते कागद हलवले की झालं. मग दोन आठवडे बंद ठेवा. उघडल्यावर पहिले दोन परिच्छेद हाताने झाकून वाचा. बऱ्याचदा ते हवापाण्याचे असतात आणि कथा तिसऱ्यापासून सुरू होते. शेवटचा परिच्छेदही तसाच झाकून बघा. तिथे आपण बहुधा आधीच कळलेलं समजावत बसलेलो असतो.

नंतर मोठ्याने वाचन, पण लिहिणाऱ्याने नाही. आपलंच लिखाण वाचताना कागदावर नसलेला जोर आपण आवाजातून भरतो. आईची कथा बाबांनी वाचावी, बाबांची आईने. लिहिणाऱ्याने मधे बोलायचं नाही. वाचणारा जिथे अडखळेल किंवा ओळ परत वाचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. त्या जागी वाक्य तरी लांबलेलं असतं, नाहीतर ‘तो’ म्हणजे नक्की कोण ते कळत नसतं.

मला पाठवताना फेअर करू नका. खाडाखोडीसकट पाठवा, काय खोडलंत तेही मला वाचायचंय.

तुमची,
लेक